स्पोर्ट्स कारला विम्यासाठी ट्रॅकर बसवताना : पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

महागडी गाडी घेतली की विम्याच्या कागदांत कुठेतरी एक ओळ सापडते : वाहनात मान्यताप्राप्त चोरी-शोध यंत्रणा बसवलेली व कार्यरत असणे आवश्यक. ती वाचून बहुतेक जण इंटरनेटवर ट्रॅकर शोधतात, बरे रिव्ह्यू असलेला एक मागवतात आणि ओळखीच्या वायरमनकडून अर्ध्या तासात बसवून घेतात. गाडी शोधायला तो कदाचित पुरेल, पण क्लेम मिळवायला पुरेलच असं नाही. हा ट्रॅकर म्हणजे तुम्ही विमा कंपनीला दिलेला शब्द आहे. तो शब्द पॉलिसी चालू असेपर्यंत रोज पाळावा लागतो, तुम्ही परगावी असाल आणि गाडी कव्हरखाली झोपलेली असेल तेव्हासुद्धा. खालच्या पायऱ्या त्या हिशोबानेच लिहिल्या आहेत.

पायरी १ : आधी पॉलिसी, मग यंत्र

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा : ट्रॅकर ही सवलत आहे की अट? सवलत असेल तर ट्रॅकर बसवल्यावर हप्ता थोडा कमी होतो, नाही बसवला तर पूर्ण हप्ता भरायचा, विषय संपला. अट असेल तर मामला वेगळा. मग ट्रॅकर नसताना किंवा बंद असताना गाडी चोरीला गेली, तर कंपनीला क्लेम नाकारायचं कारण आयतं मिळतं. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत बहुधा अटच असते, आणि ती मुख्य पानावर नसून मागच्या विशेष अटींच्या यादीत असते. तिथपर्यंत वाचा.

अटीतला प्रत्येक शब्द मोजून घ्या. ‘बसवलेली’ म्हणजे कोणी बसवलेली? कंपनीच्या यादीतल्या फिटरनेच का? ‘कार्यरत’ म्हणजे नुसती वायर जोडलेली, की वार्षिक वर्गणी भरलेली आणि ट्रॅकर कंपनीच्या नियंत्रण कक्षाशी बोलत असलेली? ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे कोणाची मान्यता? ब्रिटनमध्ये थॅचम रिसर्च ही विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी संस्था असे वर्ग ठरवते. तिथे एस ७ वर्गाच्या ट्रॅकरला चोवीस तास लक्ष ठेवणारा नियंत्रण कक्ष लागतो. एस ५ मध्ये त्याच्या जोडीला चालकाने जवळ बाळगायचा, त्याची ओळख पटवणारा छोटा टॅग आणि चोरीनंतर गाडी पुन्हा सुरू होऊ न देण्याची सोय लागते. पॉलिसीत एस ५ लिहिलेलं असताना एस ७ बसवला, तर ट्रॅकर उत्तम असूनही अट मोडलेलीच. तुमच्याकडे वर्गांची नावं वेगळी असतील किंवा वर्ग नसून नुसती मॉडेलांची यादी असेल. काहीही असो, पॉलिसीतलं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

मग विमा कंपनीला ईमेल करा. फोन नको, ईमेलच. त्यात एवढं विचारा : कोणता वर्ग किंवा मॉडेल चालेल, किती दिवसांत बसवायचं, तोपर्यंत चोरीचं संरक्षण चालू आहे की नाही, आणि गाडीत कार बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेली ट्रॅकिंग सेवा असेल तर ती चालते का. शेवटचा प्रश्न फार जण विसरतात. मोबाइल अ‍ॅपवर गाडी नकाशात दिसते म्हणून आपल्याकडे ट्रॅकर आहे असं ते धरून चालतात. अ‍ॅपमधला निळा ठिपका आणि मान्यताप्राप्त यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्यातून आलेली काही यंत्रणा मान्यताप्राप्त असतात, काही नसतात, आणि काहींना मान्यता असूनही त्यांची वर्गणी पहिल्या मालकाबरोबरच संपलेली असते.

एअरटॅगबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून इथेच सांगतो. अ‍ॅपलने ते २०२१ मध्ये आणलं ते किल्ल्या आणि बॅगा शोधण्यासाठी. कोणी कोणाचा गुपचूप पाठलाग करू नये म्हणून अनोळखी टॅग बरोबर फिरत असेल तर त्या माणसाला त्याचा फोन इशारा देतो, आणि २०२४ पासून अ‍ॅपल आणि गुगलने मिळून ही सोय आयफोन आणि अँड्रॉइड अशा दोन्ही प्रकारच्या फोनवर आणली. म्हणजे तुमचा एअरटॅग चोराला स्वतःहून सांगतो की मी इथे आहे. जोडीला एखादा टाकून ठेवायला हरकत नाही, पण पॉलिसीची अट त्याने पूर्ण होत नाही.

पायरी २ : खोक्यात काय असतं ते समजून घ्या

ट्रॅकर दोन कामं करतो : आपण कुठे आहोत ते ओळखतो आणि ते कोणाला तरी कळवतो. चोर या दोनपैकी एक तोडला तरी काम होतं हे जाणून असतात.

ओळखण्याचं काम उपग्रह करतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की एका वॅटचे अब्ज भाग केले तर त्यातल्या एका भागाच्याही तो कितीतरी खाली असतो. म्हणूनच तळघरात, लोखंडी कंटेनरमध्ये किंवा सिग्नल दाबून टाकणाऱ्या एखाद्या स्वस्त जॅमरच्या शेजारी तो सहज हरवतो. कळवण्याचं काम मोबाइलचं सिमकार्ड करतं. तेही जॅम होऊ शकतं, आणि त्याला आणखी एक आजार आहे : नेटवर्कच बंद होणं. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने टू-जी २०१७ च्या सुरुवातीला आणि थ्री-जी फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केलं. इतर देशांतही जुनी नेटवर्कं एकेक करून मिटत गेली. अशा जुन्या मॉडेमवर चालणारा ट्रॅकर गाडीत दिवा लावून बसलेला असतो, बोलत मात्र कोणाशीच नाही. सेकंडहँड गाडीत आधीचा ट्रॅकर आयता मिळाला तर आनंद करण्याआधी तो कोणत्या नेटवर्कवर चालतो ते विचारा. फोर-जी किंवा त्यातला यंत्रांसाठीचा एलटीई-एम प्रकार असेल तर ठीक.

काही यंत्रांत याशिवाय व्हीएचएफ रेडिओ असतो. अमेरिकेत लोजॅक कंपनीने १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेली पद्धत तीच : गाडीतलं यंत्र १७३.०७५ मेगाहर्ट्झवर हाक मारतं आणि पोलिसांच्या गाड्यांतले रिसीव्हर आवाजाच्या दिशेने जवळ जवळ सरकत जातात. नकाशावर ठिपका मिळत नाही, पण बंद गॅरेज आणि भिंतींपलीकडून ही हाक जीपीएसपेक्षा बरी ऐकू येते. गाडी खरोखरच महागडी असेल तर उपग्रह, मोबाइल आणि रेडिओ तिन्ही असलेलं यंत्र घ्या. चोर सहसा एकाच गोष्टीची तयारी करून येतो.

टॅगची गोष्ट थोडक्यात. आजच्या चोऱ्या सहसा काच फोडून होत नाहीत. घरातल्या रिमोट किल्लीचा सिग्नल लांबवून गाडी फसवली जाते, नाहीतर गाडीच्या अंतर्गत जाळ्यात, म्हणजे कॅन बसमध्ये, खोटा संदेश घुसवला जातो. हेडलाइटच्या वायरिंगमधून हे कसं करतात ते सुरक्षा संशोधकांनी २०२३ मध्ये उलगडून दाखवलं होतं. गाडीच्या लेखी अशा वेळी किल्ली खरीच असते. ट्रॅकरचा टॅग ही त्यापलीकडची ओळख : किल्ली आहे पण टॅग नाही, म्हणजे गडबड आहे, हे नियंत्रण कक्षाला लगेच कळतं. म्हणून टॅग किल्लीच्या जुडग्यात अडकवू नका. आणि गाडीत तर मुळीच ठेवू नका. हसू नका, कित्येक टॅग कायमचे डॅशबोर्डच्या कप्प्यात मुक्कामाला असतात.

पायरी ३ : तुमच्या गाडीचा स्वभाव पाहा

साध्या गाडीला ट्रॅकर बसवणं आणि स्पोर्ट्स कारला बसवणं यात फरक आहे तो इथे. बॉडी, उष्णता आणि बॅटरी या तीन गोष्टी आडव्या येतात, आणि त्यातली तिसरी सगळ्यात जास्त छळते.

बॉडी आधी. कार्बन फायबर वीज वाहतं, त्यामुळे रेडिओ लहरींना ते जवळपास पत्र्यासारखंच अडवतं. मॅक्लारेनसारख्या गाड्यांचा मधला सांगाडाच कार्बनचा असतो. ग्लास फायबरचं उलट आहे. लोटस एलिस किंवा कॉर्व्हेटच्या पॅनेलमधून सिग्नल आरपार जातो. म्हणजे एका गाडीत जी जागा आदर्श, तीच दुसऱ्या गाडीत आंधळी कोठडी. काही पुढच्या काचांत उष्णता रोखणारा धातूचा अतिपातळ थर असतो, तोही सिग्नल खातो. ‘या गाडीत काचेवर किंवा छतावर धातूचा थर आहे का?’ हे फिटरने तुम्हाला विचारलं नाही, तर तुम्ही त्याला विचारा.

उष्णता : ट्रॅकरच्या पोटात स्वतःची छोटी लिथियम बॅटरी असते, गाडीची बॅटरी चोराने काढली तर काही काळ तग धरायला. या बॅटरीला साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला आवडत नाही, आणि चार्ज होताना तर त्याहूनही कमी तापमान लागतं. मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत सीटच्या मागची पोकळी लपवायला मोहाची वाटते, पण पलीकडे एक्झॉस्ट असतो. ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून आल्यावर तिथे हात लावून पाहा.

आता बॅटरी. रोजची गाडी रोज चालते, तिची बॅटरी रोज भरते. स्पोर्ट्स कार तीन आठवडे उभी राहते आणि एका रविवारी निघते. उभ्या गाडीतही अलार्म, लॉक आणि संगणक हळूहळू वीज पीत असतात; आधुनिक गाडीत सगळं झोपल्यावर २० ते ५० मिलिअँपिअर हा सर्वसाधारण आकडा. समजा तुमच्या गाडीचा ३० आहे आणि ट्रॅकरने त्यात ८ ची भर घातली. ३८ मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला जवळपास ०.९ अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता याच मापात मोजतात). ६० अँपिअर-अवरची शिसे-आम्ल बॅटरी निम्मी उतरेपर्यंत स्टार्टर नीट फिरवेल असं धरलं तर ३० अँपिअर-अवर हाताशी आहेत, म्हणजे सुमारे ३३ दिवस. ट्रॅकर नसता तर ४१-४२ दिवस मिळाले असते. ट्रॅकरने आठ-नऊ दिवस खाल्ले.

इथपर्यंत चालण्यासारखं आहे. पण काही स्पोर्ट्स कारमध्ये वजन वाचवायला हलकी लिथियम बॅटरी असते. पोर्शेने २०१० पासून ९११ जीटी३ सारख्या मॉडेलांसाठी पर्याय म्हणून दिलेली अशी बॅटरी सहा किलोपेक्षाही हलकी होती, पण तिची क्षमता १८ अँपिअर-अवर. इंजिन फिरवायला ती ६० अँपिअर-अवरच्या शिशाच्या बॅटरीला हार जात नाही, मात्र उभ्या गाडीत खर्च होतात ते अँपिअर-अवरच. वरच्याच हिशोबाने निम्मी बॅटरी दहा दिवसांत संपेल. काही लिथियम बॅटऱ्या फार उतरल्या की स्वतःला वाचवण्यासाठी आतूनच तोडून घेतात, आणि मग गाडीत सगळाच अंधार.

हा अंधार विम्याच्या अटीला थेट भिडतो. गाडीची बॅटरी मेली की ट्रॅकर आपल्या छोट्या बॅटरीवर जातो. काही दिवसांनी तीही संपते. नियंत्रण कक्षाच्या नोंदीत ‘संपर्क नाही’ असं येतं. त्या काळात गाडी गेली तर ‘कार्यरत’ या शब्दावर वाद होणार. ज्यांना गाडी उभी करताना बॅटरीचा कट-ऑफ स्विच फिरवायची जुनी सवय आहे, त्यांनी ती आजपासून सोडावी. तो स्विच बॅटरी वाचवतो आणि पॉलिसी घालवतो.

उपाय सोपा आहे, बॅटरी मेंटेनर. हा साध्या चार्जरसारखा सतत ढोसत नाही. बॅटरी भरली की थांबतो, उतरली की थोडं पाजतो. लिथियम बॅटरी असेल तर लिथियमसाठीचाच मेंटेनर घ्या. शिशाच्या बॅटऱ्यांना चैतन्य देणारा जो ‘डिसल्फेशन’चा टप्पा काही चार्जरमध्ये असतो, तो लिथियमला घातक ठरू शकतो. पार्किंगच्या जागी विजेचा पॉइंटच नसेल तर यंत्र निवडतानाच झोपेतला करंट विचारा आणि कमीत कमी असलेलं घ्या. महिन्यातून एकदा मल्टिमीटरने व्होल्टेज बघा : काही तास शांत उभ्या असलेल्या शिशाच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उशीर झाला.

ट्रॅकर बसवण्याआधी गाडीचा झोपेतला करंट एकदा मोजून ठेवलात तर फार बरं. नंतर बॅटरी उतरू लागली तर दोष नव्या ट्रॅकरचा की जुन्या कुठल्या तरी गळतीचा, हे भांडण होत नाही. मीटर निगेटिव्ह केबलच्या मध्ये लावायचा, बोनेटचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला ‘झाकण लागलंय’ असं भासवायचं, किल्ली लांब नेऊन ठेवायची आणि तासभर हात लावायचा नाही. मीटर जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका. मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज एका क्षणात जातो. हे मी स्वतःच्या मीटरवर सिद्ध केलेलं आहे.

पायरी ४ : फिटर

अट असलेल्या पॉलिसीसाठी स्वतः बसवायचा विचार सोडा. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर असाल तरी सर्टिफिकेट तुमच्या सहीचं चालणार नाही. यंत्राच्या कंपनीकडून मान्यताप्राप्त फिटरची यादी घ्या आणि फोनवर दोन-तीन प्रश्न विचारा. ‘हे मॉडेल आधी केलंय का?’ हा पहिला. ‘वायरला वायर कशी जोडता?’ हा दुसरा. मूळ वायर न कापता दाबून बसणारे झटपट कनेक्टर वापरत असेल तर पुढचा नंबर फिरवा. ते आज चालतात आणि कंप पावणाऱ्या गाडीत दोन वर्षांनी ढिले होतात. सोल्डर किंवा नीट क्रिम्प केलेले जोड, त्यावर कापडी टेप, आणि यंत्रासाठी स्वतंत्र फ्यूज, असं उत्तर आलं तर माणूस कामाचा.

‘इमोबिलायझर, म्हणजे गाडी सुरू होऊ न देणारी सोय, कशावर बसवता?’ हा तिसरा प्रश्न. योग्य उत्तर : इंजिन पुन्हा सुरू होऊ नये एवढंच. धावती गाडी मध्येच बंद पाडणारी जोडणी मान्य करू नका. वेगात इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत संपत जाते, आणि त्या क्षणी गाडीत चोरच असेल याची खात्री नाही. एखाद्या दिवशी टॅगची बॅटरी संपली असेल आणि आत तुम्हीच असाल.

गाडी वॉरंटीत असेल तर डीलरला आधीच लेखी कळवा. कॅन बसच्या वायरवर थेट जोड न घेता बाहेरून वाचणारी क्लिप वापरता आली तर वॉरंटीची किटकिट कमी होते.

पायरी ५ : बसवण्याचा दिवस

काम साधारण दोन-तीन तासांचं असतं. गुंतागुंतीच्या गाडीत जास्त. फिटर यंत्र कुठे बसवतोय हे बघायला उभे राहू नका. चांगले फिटर मालकालाही जागा सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट तुमच्या तोंडून कुठे निघत नाही. तरी दोन बंधनं आधीच सांगून ठेवा : मेकॅनिक दोष तपासायला यंत्र लावतो त्या ओबीडी सॉकेटमध्ये काही खोचायचं नाही, कारण चोर पहिल्यांदा तिथेच बघतो, आणि ग्लव्ह बॉक्समागे नको, कारण तो दुसऱ्यांदा तिथे बघतो.

यंत्राच्या कंपनीचा स्टिकर काचेवर लावायचा की नाही यावर मालकांमध्ये दोन पंथ आहेत. माझं मत : लावू नका. स्टिकर भुरट्याला पळवतो, पण ठरवून आलेल्याला कोणतं यंत्र शोधायचं ते सांगतो. स्पोर्ट्स कार भुरटे सहसा नेत नाहीत.

गाडी ताब्यात घेण्याआधी गाडी होती तशी चालते का ते बघा : काचा, लाइट, डॅशबोर्डवरचे इशारे, रेडिओ. एखादं पॅनेल ढिलं बसलं असेल तर ते आजच बोला. चार दिवसांनी ते तुमचंच पॅनेल होतं.

पायरी ६ : चाचणी

फिटर निघायच्या आधी त्याच्यासमोर नियंत्रण कक्षाला फोन लावा. गाडीची जागा त्यांना दिसते का, गाडीचा चासी नंबर त्यांच्या नोंदीत बरोबर आहे का, आणि तुमचे फोन नंबर, किमान दोन, त्यांच्याकडे आहेत का ते त्यांच्याकडूनच वदवून घ्या. मग टॅग घरात ठेवून गाडी थोडी हलवा. काही मिनिटांत फोन आला पाहिजे. आला नाही तर यंत्र सुरू झालेलं नाही, मग फिटरने सर्टिफिकेटवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी चाचणी तुमच्या रोजच्या पार्किंगच्या जागी करा. तळघरात गाडी लावत असाल तर तिथून सिग्नल जातो का? जात नसेल तर गाडी बाहेर पडताक्षणी यंत्र जागं होऊन कळवतं का? हे फिटरच्या अंगणात कळत नाही.

पायरी ७ : कागद

फिटिंगचं सर्टिफिकेट हातात आलं की त्याचा फोटो काढून त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवा आणि ‘मिळालं, अट पूर्ण झाली’ असं उत्तर येईपर्यंत मागे लागा. सर्टिफिकेटवर चासी नंबर, यंत्राचा वर्ग किंवा मॉडेल, अनुक्रमांक, तारीख आणि फिटरचा मान्यता क्रमांक असायला हवा. चासी नंबरचा एक आकडा इकडचा तिकडे झालेला असतो, तो आत्ताच दुरुस्त करा.

हे सर्टिफिकेट गाडीत ठेवू नका. गाडीबरोबर तेही जाईल.

वर्गणीच्या तारखेला आणि पॉलिसीच्या तारखेला वेगवेगळ्या आठवणी लावा, कारण त्या क्वचितच एका दिवशी येतात. वर्गणी आपोआप कापली जात असेल तर बँकेचं कार्ड बदलल्यावर ती गुपचूप थांबते. क्लेम अडण्याचं हे सगळ्यात फालतू कारण, आणि म्हणूनच सगळ्यात चीड आणणारं. गाडीच्या हालचालींची नोंद कोण कोण पाहू शकतं, आणि वेगाचे आकडे विमा कंपनीकडे जातात का, हेही याच वेळी लेखी विचारून घ्या. काही यंत्रणांत जात नाहीत, काहींत तुमच्या संमतीने जातात, आणि ती संमती कुठल्यातरी चौकोनात टिक करून तुम्ही आधीच दिलेली असते.

पायरी ८ : रोजचं जगणं

ट्रॅकर बसला की काही कामांआधी नियंत्रण कक्षाला सांगायची सवय लावावी लागते : गाडी ट्रेलरवर चढणार असेल, बोटीतून जाणार असेल, सर्व्हिसिंगमध्ये बॅटरी काढली जाणार असेल. बहुतेक अ‍ॅपमध्ये यासाठी वाहतूक किंवा सर्व्हिस असा मोड असतो. त्याची वेळ संपल्यावर तो बंद झाला का, ते मात्र स्वतः बघा.

माझ्या बाबतीत एका वर्कशॉपने मला न सांगता बॅटरी काढली. मी बैठकीत होतो. पलीकडून शांत आवाजात विचारणा झाली, ‘तुमच्या वाहनाचा वीजपुरवठा खंडित झाला आहे, आपण वाहनासोबत आहात का?’ पुढची दहा मिनिटं मी जे काही केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून गाडी सोडताना जॉब कार्डवरच लिहितो : बॅटरी काढण्याआधी फोन करणे.

टॅगची नाण्याएवढी बॅटरी वर्षातून एकदा, ती संपायची वाट न बघता बदला. नियंत्रण कक्षाचे खोटे इशारे वारंवार येऊ लागले तर ते बंद करून टाकू नका, कारण शोधा; बहुतेक वेळा ते अशक्त बॅटरीचंच पहिलं रडणं असतं.

पायरी ९ : गाडी खरंच गेली तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पोलिसांत तक्रार आणि तिचा क्रमांक. नियंत्रण कक्षाला तो क्रमांक लागतो, कारण पोलीस त्यांच्याशी बोलणार तो त्याच आधारावर. मग नियंत्रण कक्ष, मग विमा कंपनी. हे तीन नंबर फोनशिवाय आणखी कुठेतरी लिहिलेले असू द्या. फोनही गाडीतच राहिला असेल.

अ‍ॅपवर ठिपका सरकताना दिसतो तेव्हा पाठीमागे जायचा मोह अनावर होतो. जाऊ नका. समोर कोण आहे, किती जण आहेत, हे ठिपका सांगत नाही. ठिपका एखाद्या सामान्य गल्लीत स्थिरावलेला दिसला तरी चोर गेला असं समजू नका. ट्रॅकर आहे का हे तपासायला गाडी काही दिवस अशीच उभी करून लांबून लक्ष ठेवण्याची रीत आहे. ती जागा पोलिसांना सांगा आणि घरी थांबा.

गाडी परत मिळाली तरी स्वतः चालवत आणू नका. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बघू द्या, किल्ल्या नव्याने कोड करून घ्या, आणि ट्रॅकरची तपासणी करून नवा दाखला घ्या, कारण चोराने त्याला हात लावला होता की नाही हे बाहेरून कळत नाही.

गाडी विकताना

नव्या मालकाच्या नावावर वर्गणी बदलून द्या, टॅग मोजून हवाली करा आणि तुमच्या फोनमधलं अ‍ॅप त्याच्यासमोर काढून टाका. तुम्ही सेकंडहँड गाडी घेत असाल तर हेच उलट बाजूने : आधीच्या मालकाचं खातं बंद झाल्याचं नियंत्रण कक्षाकडून लेखी मागा. नाहीतर तुमची गाडी रात्री कुठे उभी असते हे त्याला त्याच्या फोनवर दिसत राहतं.